डायव्हर्टरवर येणारी उष्णता : ती सगळीच प्रारणाने विखरून का टाकता येत नाही?

प्रश्न : हीट_ट्रान्सफर_नाशिक

नमस्कार. नाशिकमधील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी यंत्र शाखेच्या मुलांना हीट ट्रान्सफर शिकवते. नेहमीच्या कंडेन्सर आणि इकॉनॉमायझरच्या उदाहरणांच्या जोडीला या सत्रात संलयन अणुभट्टीचे उदाहरण घेतले आहे. त्यातून वर्गात जे दोन प्रश्न उभे राहिले, त्यांची उत्तरे मला समाधानकारक देता येईनात, म्हणून ते येथे मांडते.

आम्ही फ्रान्समध्ये उभारल्या जात असलेल्या आयटर या यंत्राचे आकडे घेतले. ड्युटेरियम आणि ट्रिटियम यांच्या एका संलयनातून १७.६ मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा मिळते, त्यातील १४.१ न्यूट्रॉनबरोबर जाते आणि ३.५ हेलियमच्या केंद्रकाकडे राहते. न्यूट्रॉनवर विद्युतभार नसल्यामुळे तो चुंबकीय क्षेत्राला न जुमानता थेट भिंतीच्या आत खोलवर शिरतो आणि आपली ऊर्जा जाड ब्लँकेटमध्ये सोडतो. हेलियम मात्र प्लाझ्मातच, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायूतच, अडकते आणि त्याला तापवते. म्हणजे ५०० मेगावॉट संलयन-शक्तीपैकी १०० मेगावॉट प्लाझ्मातच राहतात, त्यांत बाहेरून दिलेले ५० मेगावॉट मिळवले की एकूण १५० होतात. यांपैकी साधारण एक तृतीयांश गाभ्यातूनच प्रारणाने निघून जातात असे धरले, तर सुमारे १०० मेगावॉट प्लाझ्माची सीमा ओलांडून बाहेर येतात आणि चुंबकीय क्षेत्ररेषांच्या वाटेने खाली डायव्हर्टरच्या, म्हणजे बाहेर येणारी उष्णता आणि कण झेलणाऱ्या तळाच्या भागाच्या, तबकड्यांकडे जातात.

येथपर्यंत मुलांना काही अडचण आली नाही. पण सीमेबाहेरच्या ज्या थरातून ही उष्णता वाहते त्याची जाडी, आज ज्या टोकामॅकांवर (कड्याच्या आकाराच्या चुंबकीय संलयन-यंत्रांवर) मोजमापे झाली आहेत त्यांच्या सूत्राने, आयटरसाठी केवळ १ मिलिमीटरच्या आसपास निघते. यंत्राची बाहेरची त्रिज्या सुमारे ८.२ मीटर, म्हणजे परीघ सुमारे ५१ मीटर. त्याला १ मिलिमीटरने गुणले की क्षेत्रफळ ०.०५ चौरस मीटर भरते, आणि १०० मेगावॉटला त्याने भागले की चौरस मीटरमागे २,००० मेगावॉट येतात. सूर्याच्या पृष्ठभागातून चौरस मीटरमागे सुमारे ६३ मेगावॉट बाहेर पडतात, हे मुलांना ठाऊक होते, त्यामुळे वर्गात काही वेळ कोणी बोललेच नाही. त्यानंतर दोन प्रश्न आले.

एक, डायव्हर्टरची मर्यादा सतत चालण्यासाठी १० आणि अल्पकाळासाठी २० मेगावॉट प्रति चौरस मीटर सांगितली जाते. ती मर्यादा नेमकी कशाची आहे? पाण्याची असेल, तर अधिक वेगाने पाणी सोडून किंवा वेगळे शीतक वापरून ती वाढवता येणार नाही का? दोन, निऑनसारखा वायू प्लाझ्मात थोडासा सोडला की उष्णतेचे प्रकाशात रूपांतर होऊन ती सर्व भिंतीवर पसरते असे आपण म्हणतो. मग तो पुरेसा सोडून सगळीच उष्णता अशी का पसरवू नये? तबकड्यांवर काही आलेच नाही, तर प्रश्नच मिटला, असे एका विद्यार्थिनीचे म्हणणे आहे आणि मला ते विचार करण्याजोगे वाटते.

उत्तर १ : बॉयलर_एकलहरे

मॅडम, मी एकलहरेच्या औष्णिक केंद्रात २१० मेगावॉटच्या संचांच्या बॉयलर विभागात नोकरी करून निवृत्त झालो. प्लाझ्मातले मला कळत नाही, ते जाणकार सांगतील. पण भिंत आणि पाणी यांच्याबद्दल आपला जो पहिला प्रश्न आहे, तो आमच्या रोजच्या कामातला असल्यामुळे त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न करतो.

आमच्या भट्टीच्या वॉटरवॉलवर, म्हणजे पाण्याच्या नळ्यांच्या भिंतीवर, चौरस मीटरमागे काही शे किलोवॉट येतात, म्हणजे ०.२ ते ०.३ मेगावॉट. एवढ्यावरही नळीच्या आत क्षाराचा पापुद्रा धरला किंवा पाण्याचा प्रवाह कमी पडला, तर आतल्या बाजूला वाफेची पातळ चादर तयार होते, धातूपासून पाण्याकडे जाणारी उष्णता अडते, आणि नळी फुगून फाटते. डायव्हर्टर याच्या तीस ते पन्नास पट उष्णता झेलतो. त्याच्या नळीत सुमारे ४० बार दाबाचे, ७० अंशांच्या आसपास आत शिरणारे पाणी सेकंदाला १० मीटरच्या घरातील वेगाने वाहते आणि नळीच्या आत पिळलेली पट्टी बसवलेली असते. पट्टीमुळे पाणी गरगरत पुढे जाते आणि तयार होणारा वाफेचा बुडबुडा भिंतीपासून सुटून थंड पाण्यात विरून जातो. आमच्याकडे काही बॉयलरांत आतून आटे पाडलेल्या रायफल्ड नळ्या वापरतात, त्यामागचे तत्त्वही हेच आहे. त्यामुळे पाण्याच्या बाजूने जे करण्यासारखे आहे, ते जवळपास सर्व आधीच केलेले आहे.

खरी अडचण पाण्याच्या अलीकडे, टंगस्टनमध्येच आहे, आणि ती आपल्या मुलांना फळ्यावर दोन ओळींत दाखवता येईल. आयटरच्या तबकडीत टंगस्टनच्या लहान ठोकळ्यांच्या आरपार तांबे-क्रोमियम-झिर्कोनियम मिश्रधातूची नळी गेलेली असते. नळीचा आतला व्यास १२ मिलिमीटर आणि तिच्यावरचे टंगस्टन ६ ते ८ मिलिमीटर जाडीचे. तापलेल्या टंगस्टनची उष्णतावाहकता सुमारे ११० वॉट प्रति मीटर प्रति केल्विन धरा. १० मेगावॉटला ६ मिलिमीटरने गुणून ११० ने भागले, की ५४५ अंशांचा फरक केवळ त्या टंगस्टनमध्ये पडतो. पाण्याचे शंभर-एक अंश, पाणी आणि नळी यांच्यामधल्या पातळ थराचे दीडशे-एक, तांब्याचे थोडेफार असे मिळवत गेले, की वरचा पृष्ठभाग १,००० अंशांच्या जवळ पोहोचतो. २० मेगावॉटला तो २,००० च्या आसपास जातो. ५० मेगावॉटला केवळ टंगस्टनमधलाच फरक २,७०० अंशांच्या वर जातो, आणि तापमान वाढेल तशी वाहकता घटत असल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही अधिक. मग ३,४२२ अंशांचा वितळबिंदू फार दूर राहत नाही, आणि त्याच्याही आधी नळीतल्या पाण्याला ती उष्णता पेलवणार नाही.

म्हणून पाण्याचा वेग दुप्पट केला, तरी त्या दीडशे अंशांतले काही अंश वाचतील, ५४५ तसेच राहतील. टंगस्टन पातळ करावे म्हटले, तर प्लाझ्माच्या माऱ्याने ते झिजते आणि तबकडीचे आयुष्य घटते. त्यात टंगस्टन १,२०० ते १,३०० अंशांवर फार वेळ राहिले, तर त्याचे कण नव्याने वाढू लागतात आणि ते ठिसूळ होते, तर नळीचा मिश्रधातू ३५० अंशांच्या वर मऊ पडू लागतो. दोन्ही बाजूंनी असे बांधलेले असताना १० हा आकडा सोयीचा म्हणून ठरवलेला नाही, तो धातूंच्या गुणधर्मांतून आलेला आहे. या ठोकळ्यांची चाचणी १० मेगावॉटवर ५,००० आवर्तने आणि २० वर ३०० आवर्तने अशी घेतली जाते. आमच्या क्षेत्रातल्या माणसाला ही चाचणी किती कठोर आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

उत्तर २ : प्लाझ्मा_पंचवटीकर

मी मूळचा पंचवटीतला, आता गांधीनगरजवळ राहतो आणि प्लाझ्माच्या मोजमापांचे काम करतो. एकलहरेच्या साहेबांनी धातूची बाजू चोख मांडली आहे, तेव्हा मी तबकडीच्या अलीकडे काय घडते ते सांगतो. आपल्या विद्यार्थिनीचा प्रश्न हाच या क्षेत्रातला आजचा मुख्य प्रश्न आहे, आणि मला सर्वाधिक जिव्हाळा त्याचाच आहे.

प्रथम २,००० या आकड्याबद्दल. तो यंत्राच्या मध्यपातळीवरचा आहे. डायव्हर्टरजवळ क्षेत्ररेषा एकमेकींपासून फाकतात, तबकडी मुद्दाम तिरकी ठेवलेली असते आणि वाटेत उष्णता थोडी आडवीही पसरते, त्यामुळे १ मिलिमीटरचा पट्टा तबकडीवर काही सेंटीमीटर रुंद होतो. आतली आणि बाहेरची तबकडी मिळून साधारण दोन चौरस मीटर क्षेत्र तापते असे धरले, तर १०० मेगावॉटचे चौरस मीटरमागे ५० होतात. म्हणजे भूमितीतून मिळेल तेवढे घेतल्यावरही मर्यादेच्या पाचपट उष्णता शिल्लक राहते, आणि ती वाटेतच काढून घेण्यावाचून गत्यंतर नाही.

ती काढून घेण्याचे साधन प्रारण आहे, आणि त्याची गंमत अशी की पसरलेली उष्णता अगदी निरुपद्रवी होते. आयटरच्या आतल्या भिंतीचे क्षेत्रफळ सुमारे ६०० चौरस मीटर आहे. १०० मेगावॉट तिच्यावर सारखे पसरले, तर चौरस मीटरमागे ०.१७ मेगावॉट येतात, म्हणजे एकलहरेच्या वॉटरवॉलवर येते त्याहूनही कमी. त्यामुळे आपल्या विद्यार्थिनीची दिशा बरोबर आहे. प्रश्न आहे तो हे प्रारण कोठे आणि किती घडवायचे याचा.

अणूकडे काही इलेक्ट्रॉन शिल्लक असतील तरच तो जोरदार प्रारण करतो. निऑनचे १० इलेक्ट्रॉन. प्लाझ्माच्या गाभ्यात, जेथे तापमान १० किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर असते (प्लाझ्माचे तापमान आम्ही या ऊर्जेच्या एककात सांगतो), ते सगळे निघून गेलेले असतात, म्हणून तेथे निऑन फारसे प्रारण करत नाही. काठावर आणि डायव्हर्टरमध्ये, जेथे तापमान काही दहा इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते, तेथे मात्र तो भरपूर ऊर्जा बाहेर टाकतो. नायट्रोजन याहून थंड भागात हे काम उत्तम करतो, आरगॉनचे प्रारण अधिक आतपर्यंत पसरते. टंगस्टनचे ७४ इलेक्ट्रॉन गाभ्यातही पूर्ण सुटत नाहीत. म्हणून तबकडीवरून उडालेले टंगस्टन गाभ्यात शिरून दहा हजार कणांमागे एकाच्या आसपास साचले, तरी ते गाभ्याला आतून थंड करून संलयनच मंदावते. भिंतीसाठी सर्वांत चिवट असलेला धातू गाभ्यासाठी सर्वांत घातक ठरतो, ही या विषयातली जुनी अडचण आहे.

आता प्रश्नाच्या मुळाशी येऊ. सगळी उष्णता प्रारणाने का काढत नाही, याची माझ्या मते तीन कारणे आहेत आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेली आहेत.

पहिले इंधनाचे. निऑनचा प्रत्येक पूर्ण सुटा झालेला अणू गाभ्यात १० इलेक्ट्रॉन आणतो, आणि इलेक्ट्रॉनांची एकूण घनता मर्यादित असल्यामुळे तेवढ्या १० इंधन-केंद्रकांना जागा सोडावी लागते. इलेक्ट्रॉनांच्या मानाने केवळ १ टक्का निऑन असला तरी इंधन १० टक्क्यांनी घटते, आणि संलयनाचा दर इंधनाच्या घनतेच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्यामुळे शक्ती ८१ टक्क्यांवर येते. प्रारणासाठी हवा तेवढा वायू सोडला, तर प्रारण करायला उष्णताच उरणार नाही.

दुसरे सीमेचे. आज ज्या अवस्थेवर सगळी भिस्त आहे ती उच्च बंदिस्तीची, म्हणजे एच-मोड ही अवस्था १९८२ मध्ये जर्मनीतील गार्खिंगच्या असडेक्स यंत्रावर, डायव्हर्टर वापरतानाच सापडली. तिच्यात काठावर एक कडा उभी राहते आणि तापमान, घनता अचानक चढतात. ती टिकायची असेल, तर सीमेतून बाहेर जाणारी शक्ती एका उंबरठ्याच्या वर राहावी लागते; आयटरसाठी सूत्रांनुसार तो ५० मेगावॉटच्या आसपास किंवा अधिक आहे. म्हणजे सीमेच्या आतच सगळी उष्णता प्रारणाने घालवली, तर ती कडा ढासळते. उष्णता सीमेबाहेर येऊ द्यायची आणि सीमा ते तबकडी या काही मीटरांच्या वाटेतच तिला गाठायचे, एवढीच जागा आपल्याला मोकळी आहे.

तिसरे कारण पुस्तकांत अनेकदा निसटून जाते, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ घेतो. तबकडीपर्यंत पोहोचणारी सगळीच ऊर्जा तापमानाच्या रूपात नसते. प्रत्येक हायड्रोजन आयन पृष्ठभागावर इलेक्ट्रॉनशी पुन्हा जुळतो तेव्हा १३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट सोडतो, आणि अणूंची जोडी जमताना आणखी थोडी ऊर्जा सुटते. प्लाझ्मा प्रारणाने कितीही थंड केला, तरी आयनांचा लोंढा तसाच येत राहिला, तर ही ऊर्जा तबकडीवरच पडणार. म्हणून उष्णतेबरोबर कणांचा लोंढाही वाटेतच थोपवावा लागतो. तापमान ५ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या खाली आले, की आयन समोरच्या तटस्थ वायूवर आदळून आपला संवेग गमावतात. ते १ इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या जवळ आले, की इलेक्ट्रॉन आणि आयन हवेतल्या हवेत, म्हणजे तबकडीला स्पर्श न करताच, पुन्हा जुळू लागतात. या अवस्थेला आम्ही डिटॅचमेंट म्हणतो. तिच्यात तबकडीसमोर वायूची एक थंड गादी तयार होते आणि प्लाझ्माची ज्योत तिच्या मागे राहते. याचा दुसरा लाभ असा, की इतक्या थंड आयनांना टंगस्टनचे अणू उडवता येत नाहीत, त्यामुळे झीजही जवळपास थांबते.

ही गादी किती जाड करायची, हा खरा नाजूक भाग. वायू कमी पडला तर ज्योत परत तबकडीला भिडते. अधिक झाला तर प्रारणाचा पट्टा वर सरकत सीमेच्या छेदबिंदूपाशी, म्हणजे सीमेच्या क्षेत्ररेषा एकमेकींना छेदतात तेथे, येतो आणि त्याच्याही आत शिरला तर काठ थंड होऊन प्लाझ्मा कोलमडू शकतो. गार्खिंगच्याच असडेक्स अपग्रेडवर, ज्याची भिंत पूर्ण टंगस्टनची आहे, हा पट्टा छेदबिंदूच्या किंचित वर मुद्दाम धरून ठेवून त्याची उंची वायूच्या झडपेने नियंत्रित करण्यात यश आले आहे, आणि त्या स्थितीत प्लाझ्माच्या काठावरून होणारे ऊर्जेचे उद्रेकही शमलेले दिसले. माझ्या मते गेल्या काही वर्षांतले हे सर्वांत आशादायक काम आहे. आयटरमध्ये एकूण तापन-शक्तीच्या साधारण दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भाग प्रारणाने जावा अशी अपेक्षा असते. त्यानंतरच्या वीज देणाऱ्या डेमो अणुभट्टीत हेच प्रमाण ९५ टक्क्यांच्या आसपास न्यावे लागेल, कारण तेथे शक्ती कितीतरी अधिक आणि यंत्र त्या मानाने थोडेच मोठे असेल.

उत्तर ३ : अंबड_टूलरूम

नमस्कार मॅडम. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत माझा टूलरूमचा व्यवसाय आहे. टंगस्टन कार्बाइडशी रोजचा संबंध असल्याने ही चर्चा मनापासून वाचतो आहे. घडणीच्या बाजूने दोन गोष्टी मुलांसमोर याव्यात असे वाटते.

टंगस्टन आणि तांबे यांचा जोड हेच मुळात अवघड काम आहे. टंगस्टनचा प्रसरणांक सुमारे ४.५ आणि तांब्याचा १७, दोन्ही दहा लाखांश प्रति अंश. म्हणजे तापल्यावर तांबे जवळपास चौपट पसरते आणि प्रत्येक आवर्तनाला जोड ओढला जातो. म्हणून टंगस्टन आणि नळी यांच्यामध्ये मऊ, शुद्ध तांब्याचा सुमारे १ मिलिमीटरचा थर देतात, जो स्वतः थोडा दबून-ताणून हा फरक पचवतो. टंगस्टनची अखंड पट्टी न घेता लहान ठोकळे घेण्याचे कारणही हेच. ठोकळ्यांमध्ये फट ठेवली, की प्रत्येकाला सुटे प्रसरण करता येते. शिवाय सामान्य तापमानाला टंगस्टन काचेसारखे तडकते, त्यामुळे त्याचे यंत्रण करताना धार तुटू न देणे हेच कौशल्य असते.

दुसरी गोष्ट मापाची. क्षेत्ररेषा तबकडीला अवघ्या तीन-एक अंशांच्या कोनात घासून जातात असे मी वाचले. याचा अर्थ शेजारच्या ठोकळ्यापेक्षा एखादा ठोकळा ०.३ मिलिमीटर जरी वर राहिला, तरी त्याची उभी कड प्रवाहाला सरळ सामोरी जाते आणि तेवढीच कड वितळते. म्हणून आयटरच्या ठोकळ्यांच्या माथ्याला एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे ०.५ मिलिमीटरचा उतार दिला आहे, म्हणजे प्रत्येक ठोकळा पुढच्याची कड आपल्या सावलीत घेतो. असे लाखो ठोकळे ५४ कॅसेटींवर, म्हणजे डायव्हर्टरच्या सुट्या खंडांवर, बसवून, त्या कॅसेटी वर्तुळात जुळवून ही सलगता राखायची, हे काम करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो. एक शंका आहे. उतारामुळे तापणारे क्षेत्र घटते, म्हणजे उरलेल्या भागावरची उष्णता वाढणार. ही वाढ १० च्या हिशोबात धरलेली असते का?

पुन्हा प्रश्नकर्त्या : हीट_ट्रान्सफर_नाशिक

तिघांचेही मनःपूर्वक आभार. ५४५ अंशांचा हिशोब आणि १ टक्का निऑनचा हिशोब मी दोन्ही उद्याच्या तासाला घेणार आहे. उत्तर २ वाचल्यावर मात्र एक नवी काळजी वाटते. हे सगळे एका वायूच्या झडपेवर अवलंबून असेल, तर ती झडप अडकली किंवा मोजमाप चुकले, तर हाती वेळ किती राहतो? आणि १०० मेगावॉट हेलियमपासून येतात असे आपण म्हणतो, पण थंड झालेले ते हेलियम यंत्राबाहेर जाते कसे?

उत्तर ४ : प्लाझ्मा_पंचवटीकर

अंबडच्या मित्रांची शंका रास्त आहे. उतारामुळे सावलीतल्या भागाची उष्णता उघड्या भागावर येते, त्यामुळे त्या भागावरचा खरा भार सपाट पृष्ठभागाच्या हिशोबापेक्षा बराच वाढतो. आराखडा करणाऱ्यांनी कड वाचवण्यासाठी ही किंमत जाणूनबुजून मोजली आहे. म्हणूनच सपाट पृष्ठभागाच्या आकड्यावरून तबकडीचा धोका ठरवू नये.

वेळेचा हिशोब मुलांकडूनच करून घ्यावा. जाडीच्या वर्गाला उष्णता-विसरणांकाने भागायचे. ६ मिलिमीटर आणि टंगस्टनसाठी सुमारे ०.५ चौरस सेंटीमीटर प्रति सेकंद घेतले, की उत्तर एका सेकंदाच्या जरा आत येते. म्हणजे डिटॅचमेंट सुटली तर एखाद-दुसऱ्या सेकंदात तबकडी नव्या, धोकादायक तापमानाला पोहोचते. उलट झडपेतून सोडलेला वायू नळीतून प्रवास करून डायव्हर्टरमध्ये पोहोचायला, तेथे आयनित होऊन काम करायलाही वेळ लागतो. या दोन वेळांची तोंडमिळवणी हा नियंत्रणाचा सगळा प्रश्न आहे. त्यासाठी प्रारण मोजणारे बोलोमीटर, तबकडीतून वाहणारा विद्युतप्रवाह आणि वर्णपट असे एकाहून अधिक संकेत एकाच वेळी पाहतात, आणि हाताबाहेर जाते आहे असे दिसले तर बाहेरचे तापन कमी करून प्लाझ्मा सावकाश उतरवतात.

त्याहूनही जलद संकट काठावरच्या उद्रेकांचे. एच-मोडमधली ती कडा वारंवार फुटते आणि मिलिसेकंदाच्या आत ऊर्जेचा लोट तबकडीवर येतो. तेवढ्या वेळात उष्णता टंगस्टनमध्ये खोलवर जाऊच शकत नाही, वरचा पातळ थरच वितळतो. येथे पाणी, नळी, झडप यांपैकी कशाचाच उपयोग नाही, उद्रेक होऊच न देणे हाच मार्ग. त्यासाठी आयटरच्या आत २७ विशेष कुंडले बसवली जाणार आहेत, जी काठावरचे क्षेत्र किंचित विस्कटून दाब साचू देत नाहीत. ही पद्धत डिटॅचमेंटबरोबर एकाच वेळी कितपत जमेल, यावर आजही प्रयोग सुरू आहेत.

आता हेलियम. ऊर्जा देऊन झालेले हेलियम गाभ्यात राहिले, तर निऑनसारखेच इंधनाची जागा अडवते. ते हळूहळू सीमेबाहेर येते, डायव्हर्टरमध्ये तटस्थ होते, आणि तेथील वायूचा दाब सुमारे १० पास्कलपर्यंत वाढवलेला असल्यामुळे पंपांना ते ओढून घेता येते. म्हणजे उष्णतेसाठी लागणारी ती थंड वायूची गादी ही राख, म्हणजे वापरून झालेले हेलियम, बाहेर काढण्यासाठीही लागते. पंप अतिशीत असतात. हायड्रोजनचे समस्थानिक थंड पत्र्यावर गोठतात, पण हेलियम एवढ्याने अडकत नाही, म्हणून त्या पत्र्यांवर नारळाच्या करवंटीपासून केलेल्या सक्रिय कोळशाचा लेप दिलेला असतो आणि हेलियम त्याच्या सूक्ष्म छिद्रांत धरले जाते. नायट्रोजन प्रारणासाठी चांगला असूनही आयटरमध्ये निऑनकडे कल असण्याचे कारणही याच बाजूचे आहे : नायट्रोजनचा हायड्रोजनच्या समस्थानिकांशी संयोग होऊन अमोनिया बनतो, त्यात ट्रिटियम अडकते आणि ते परत मिळवणे किचकट होते.

मुलांना प्रत्यक्ष यंत्रांची माहिती हवी असेल, तर फ्रान्समधील वेस्ट हे यंत्र पाहायला सांगावे. त्याच्या डायव्हर्टरला आयटरच्याच धर्तीचे टंगस्टनचे ठोकळे आहेत आणि १२ फेब्रुवारी २०२५ रोजी त्याने १,३३७ सेकंद प्लाझ्मा टिकवला. मात्र त्या वेळी तापन-शक्ती सुमारे २ मेगावॉट होती, त्यामुळे तो काळाचा विक्रम होता, आपल्या चर्चेतल्या भाराचा नाही, हे त्यांना आवर्जून सांगावे. इंग्लंडच्या कलहॅम येथील मास्ट अपग्रेड यंत्रात डायव्हर्टरची वाट लांब आणि बाहेरच्या बाजूला वळवून नेली आहे. तेथे तबकडीवरची उष्णता नेहमीच्या रचनेच्या तुलनेत सुमारे दहापट घटल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले. लांब वाटेत प्रारणाच्या पट्ट्याला मागेपुढे सरकायला वाव मिळतो, त्यामुळे आपण विचारलेल्या झडपेच्या चुकीलाही थोडी अधिक सवलत मिळते. त्यासाठी चुंबकांच्या आतली बरीच जागा खर्च होते, आणि मोठ्या अणुभट्टीत ती जागा सर्वांत महाग असते.

आणि नाशिकच्या मुलांना रस वाटेल अशी एक बाब. या सगळ्या उष्णतेला शेवटी वातावरणातच जायचे असते. आयटरची उष्णता बाहेर सोडणारी यंत्रणा, तिच्या कूलिंग टॉवरांसह, भारताच्या वाट्याचे काम आहे. यंत्राला बाहेरून वेढणारा सुमारे ३,८५० टनांचा क्रायोस्टॅटही गुजरातेतील हजिऱ्याला घडवलेल्या भागांतून जोडला गेला. एकलहरेच्या साहेबांनी मान्य केले, तर कूलिंग टॉवरचा हिशोब त्यांच्याकडूनच वर्गात करून घ्यावा असे मला वाटते.

उत्तर ५ : बॉयलर_एकलहरे

आनंदाने येईन. मॅडम, मुलांना आधी एवढे करून ठेवायला सांगा : १५० मेगावॉट प्लाझ्मातून, ४०० मेगावॉट न्यूट्रॉनांतून, असे ५५० मेगावॉट पाण्यात येणार आहेत. पाण्याचे तापमान १० अंशांनी चढू द्यायचे असेल, तर सेकंदाला किती पाणी फिरवावे लागेल ते काढावे. उत्तर १३ टनांच्या थोडे वर यायला हवे. पंप आणि चुंबकांच्या शीतकरण यंत्रणेची उष्णता त्यात धरलेली नाही, ती आपण वर्गात मिळवू.